गाडीच्या धातूसाठी लिक्विड पॉलिश बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा दोन महिन्यांवर आला की हे प्रश्न यायला लागतात. कुणी गॅरेजवाला असतो, कुणी बचत गटातर्फे फिनेल आणि हँडवॉश बनवणारी ताई, तर कुणी नुकताच बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला मुलगा. फिनेल जमलं की पॉलिशही जमेल, असं सगळ्यांना वाटतं. जमतं, पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. फिनेल थोडं चुकलं तर फरशीचं काही बिघडत नाही. पॉलिश चुकलं तर दुसऱ्याच्या गाडीवरचा जो थर जातो, तो परत येत नाही. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतो आहे.

पॉलिश म्हणजे नेमकं काय होतं?

धातू घासून कमी होतो. काळवंडलेला थर बारीक पावडरीने खरवडला जातो आणि खालचा स्वच्छ धातू वर येतो. बाटलीतली बाकी सगळी मंडळी या पावडरीच्या मदतीला असतात. सॉल्व्हंट तेलकट मळ सोडवतो, साबण तेल आणि पाणी एकत्र धरतो, जाड करणारा पदार्थ पावडर तळाशी बसू देत नाही, आणि गंजरोधक नुकताच उघडा पडलेला धातू सांभाळतो.

चांगलं पॉलिश जास्त घासतं, हा समज डोक्यातून काढून टाका. जे कमीत कमी धातू घेऊन हवी ती झळाळी देतं, ते चांगलं पॉलिश.

फडकं काळं झालं म्हणजे मळ निघाला ना?

काही वेळा. अगदी नवा, धुतलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घासला तरी फडकं काळंच होतं. तो काळा रंग धातूच्या बारीक कणांचा असतो. दुकानात 'बघा किती घाण निघाली' म्हणून काळं फडकं दाखवतात, पण त्यावरून गाडी मळलेली होती असं सिद्ध होत नाही.

याच गोष्टीचा एक उपयोग मात्र आहे. भाग उघड्या धातूचा आहे की त्यावर लॅकर (पारदर्शक रंगाचा थर) मारलेलं आहे, हे ओळखायचं असेल तर आतल्या बाजूला, नजरेआड, पॉलिशचा एक थेंब लावून घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे, तिथे हे पॉलिश लावू नका. हल्लीची बहुतेक अलॉय व्हील्स रंगवलेली किंवा लॅकर मारलेली असतात. सुरुवातीच्या काळात ही खूण मला माहीत नव्हती. माझ्याच पॉलिशने एका गाडीची चारही चाकं धुरकट झाली आणि ती पुन्हा लॅकर करून द्यावी लागली.

एकच पॉलिश सगळ्या धातूंना चालेल का?

नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच आशेपायी होतं. गाडीवर 'चकचकीत' दिसणाऱ्या गोष्टी निरनिराळ्या असतात.

सायलेन्सर, मडगार्ड, क्रॅश गार्ड हे बहुधा लोखंडावर निकेल आणि निकेलवर क्रोम असं असतं. यातला क्रोमचा थर साधारण ०.२ ते ०.५ मायक्रॉन जाडीचा; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला, तर क्रोमची जाडी केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी झाली. क्रोम स्वतः काळवंडत नाही. त्यावर दिसतो तो मळ, डांबर, किंवा सूक्ष्म छिद्रांतून वर आलेला खालच्या लोखंडाचा गंज.

इंजिनची कव्हरं, जुन्या बुलेटचा टूलबॉक्स, ट्रकची डिझेलची टाकी, उघड्या धातूची रिम हे अ‍ॅल्युमिनियम. मऊ धातू, लवकर धुरकटतो, पण घासायला भरपूर जाडी असते.

स्टेनलेस स्टीलला फारसं काही लागत नाही. पितळ गाड्यांवर आता कमीच दिसतं. जुन्या मोटारींचे हॉर्न, दिव्यांच्या कडा आणि ट्रकवाल्यांनी हौसेने लावलेल्या पट्ट्या, एवढंच. अ‍ॅनोडाइज केलेला रंगीत भाग असेल तर साबणपाण्यापलीकडे जाऊ नका. तो रंग अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या थरात भरलेला असतो, थर गेला की रंगही गेला.

म्हणून मी दोन बाटल्या करतो. एक उघड्या अ‍ॅल्युमिनियम, स्टील आणि पितळेसाठी, दुसरी क्रोमसाठी. दोन्हींत फरक आहे तो पावडरीचा.

पावडर कोणती घ्यायची?

मोह्सच्या कठीणपणाच्या मापनावर (आकडा मोठा तितका पदार्थ कठीण) अ‍ॅल्युमिनियम पावणेतीनच्या आसपास, पितळ तीनच्या आसपास आणि क्रोम साडेआठ. पावडरींमध्ये चायना क्ले (बारीक पांढरी माती) दोन ते अडीच, खडू तीन, क्वार्ट्झ सात आणि अ‍ॅल्युमिना नऊ.

क्रोमवर अ‍ॅल्युमिना का नको, हे या आकड्यांतच आलं. पावडर क्रोमहून कठीण असली की ती क्रोमच खाणार, आणि खायला तिथे अर्धा मायक्रॉनही नाही. चायना क्ले क्रोमला धक्का न लावता वरचा मळ तेवढा उचलते.

अ‍ॅल्युमिनियमसाठी ३ ते ५ मायक्रॉनचा कॅल्साइन्ड (भट्टीत भाजलेला) अ‍ॅल्युमिना घ्या. दुकानदार '३२५ मेश आहे, एकदम बारीक' म्हणून देतील. ३२५ मेशच्या चाळणीची भोकं ४५ मायक्रॉनच्या आसपास असतात. ती पावडर भांडी घासायला ठीक, गाडीला चरे पाडेल. पोत्यावर मायक्रॉनचा आकडा मागा. तो मिळत नसेल तर चिमूटभर पावडर दोन काचपट्ट्यांमध्ये थेंबभर पाण्यात घासा. कचकच आवाज आला तर परत द्या.

क्वार्ट्झची पावडर, म्हणजे स्फटिकी सिलिका, स्वस्त पडते. तरीही ती युनिटमध्ये आणू नका असं मी आग्रहाने सांगतो. तिची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये स्लेट-पेन्सिलच्या कारखान्यांतल्या कामगारांनी हे भोगलं आहे. किलोमागे वाचणाऱ्या चार पैशांसाठी आपल्या माणसांना त्या वाटेला लावू नये. दुसरी कुठलीही पावडर हाताळतानासुद्धा साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा मास्क लावा.

एक किलोचं माप मिळेल का?

उघड्या अ‍ॅल्युमिनियम, स्टील आणि पितळेसाठी मी ज्यावरून सुरुवात करायला सांगतो ते हे:

डीएम (क्षार काढलेलं) पाणी ५४३ ग्रॅम
बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) १० ग्रॅम
झँथन गम (दाट करणारा डिंक) ४ ग्रॅम
ट्रायइथेनॉलअमाइन (टीईए) २० ग्रॅम
बेंझोट्रायझोल (गंजरोधक) १ ग्रॅम
ओलेइक अ‍ॅसिड ४० ग्रॅम
मिनरल टर्पेंटाइन (एमटीओ, हाच सॉल्व्हंट) २२० ग्रॅम
कॅल्साइन्ड अ‍ॅल्युमिना ११० ग्रॅम
चायना क्ले ५० ग्रॅम
बीआयटी प्रिझर्व्हेटिव्ह (माल खराब होऊ न देणारं) २ ग्रॅम

क्रोमची बाटली करताना अ‍ॅल्युमिना पूर्ण काढा, चायना क्ले १२० ग्रॅम करा आणि उरलेले ४० ग्रॅम पाण्यात वाढवा.

हे माप म्हणजे सुरुवात. तुमची क्ले, तुमचं एमटीओ वेगळं असणार, त्यामुळे पहिल्या तीन-चार बॅच एकेक किलोच्याच लावा. मुंबईत मस्जिद बंदर आणि प्रिन्सेस स्ट्रीटला हा सगळा माल सुटा मिळतो.

टीईए आणि ओलेइकचं प्रमाण असंच का? थोडं जास्त टाकलं तर?

हे दोघे मिळून बाटलीतच साबण तयार करतात. ओलेइकचा रेणुभार २८२, टीईएचा १४९. म्हणजे ४० ग्रॅम ओलेइकला पूर्ण साबण व्हायला २१ ग्रॅम टीईए लागतं. मी २० घेतो, एक ग्रॅम मुद्दाम कमी. त्यामुळे पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) आठ ते साडेआठच्या दरम्यान राहतो.

हा साडेआठ महत्त्वाचा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा संरक्षक ऑक्साइड साधारण चार ते साडेआठ पीएचमध्ये टिकतो. त्यापलीकडे अल्कली त्याला विरघळवायला लागते आणि धातू चमकायच्या ऐवजी करडा पडतो. म्हणून टीईए अंदाजपंचे ओतू नका. वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवणारा हवा, आणि प्रत्येक बॅचचा पीएच तपासून वहीत लिहा. बेंझोट्रायझोल आणि बीआयटीसाठी दागिने तोलायचा छोटा काटा वापरा.

मिसळायचा क्रम काय? माझ्याकडे गुठळ्या होतात.

गुठळ्या बहुतेक वेळा झँथनच्या असतात. ही पावडर थेट पाण्यात टाकली की बाहेरून चिकट होते आणि आत कोरडीच राहते, पिठलं करताना बेसनाचं होतं तसंच. मग कितीही ढवळा.

आदल्या दिवशी ४४३ ग्रॅम पाण्यात बेंटोनाइट भुरभुरत टाकून अर्धा तास जोरात ढवळा आणि रात्रभर फुगू द्या. सकाळी झँथन २० ग्रॅम एमटीओमध्ये कालवून घ्या. एमटीओत ते फुगत नाही, सुटं राहतं. हे कालवण फिरत्या पाण्यात ओता. वीस-पंचवीस मिनिटांत पाणी पातळ कढीसारखं दाट होतं. उरलेलं १०० ग्रॅम पाणी कोमट करून त्यात बेंझोट्रायझोल विरघळवा, टीईए घाला आणि हे पाणी बेंटोनाइटच्या भांड्यात ओता.

आता दुसऱ्या भांड्यात ओलेइक आणि उरलेलं २०० ग्रॅम एमटीओ एकत्र करा आणि ते बारीक धारेने फिरत्या पाण्यात सोडा. पाहण्यासारखा क्षण हा आहे. पिवळसर तेलाची धार पाण्याला लागते तिथे पांढरी रेघ उमटते, ती पसरत जाते आणि दोन मिनिटांत सगळं भांडं दुधासारखं पांढरं होतं. साबण जिथे तेल आणि पाणी भेटतं तिथेच, त्याच क्षणी तयार होत असतो, म्हणून दूध इतकं बारीक बनतं. धार जाड झाली तर ते भरड होतं आणि आठवड्यात वर तेलाची साय येते.

पावडरी यानंतर, चमचा-चमचा करून, वेग कमी ठेवून टाका. वेग जास्त असला की हवा शिरते, फेस होतो आणि बाटलीत माप कमी भरतं. बीआयटी शेवटी. मग बारीक जाळीतून किंवा मलमलीतून गाळा. या गाळण्याचा कंटाळा करू नका. एकच जाड कण टाकीवर हातभर चरा ओढतो.

त्या कोमट पाण्यापलीकडे गरम काही करायचं नाही. एमटीओजवळ शेगडी, विडी, ठिणगी काढणारी मोटर, यातलं काही नको.

बोअरचं पाणी चालेल का?

नाही. पाण्यातला कॅल्शियम ओलेइकच्या साबणाला धरून चोथा करतो. अंघोळीचा साबण बोअरच्या पाण्यात फेसत नाही, त्याचं कारण हेच. आरओचं किंवा डीएम पाणीच घ्या.

एमटीओच्या जागी रॉकेल?

चालतं, वास जास्त राहतो आणि उडायला वेळ लागतो. पण ते पांढरं, खुल्या विक्रीचं रॉकेल हवं. निळा रंग घातलेलं रॉकेल रेशनवरच्या कुटुंबांच्या चुलीसाठी असतं, ते धंद्यात वापरणं गुन्हा आहे. पेट्रोल किंवा थिनर मात्र कधीच नको. दोन्ही उघड्यावर भपकन पेट घेतात, आणि थिनर शेजारच्या रंगालाही खातं.

पावडर तळाशी दगडासारखी बसते. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कण किती वेगाने खाली बसतो, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. व्यास निम्मा केला तर बसण्याचा वेग चौथाई होतो. म्हणून पहिला उपाय पावडर बारीक घेणं, दुसरा झँथन आणि बेंटोनाइटची जोडी. ही जोडी बाटली स्थिर असताना जाळं धरून ठेवते आणि हलवली की सैल होते, त्यामुळे पॉलिश ओतायला पातळच वाटतं.

थोडं बसणारच, ते चालतं. प्रश्न आहे तो कसं बसतं याचा. बाटली महिनाभर ठेवून काडी तळाला घाला. काडी लोण्यात जावी तशी गेली आणि दहा वेळा हलवल्यावर सगळं एक झालं तर बॅच पास. काडी टणक थरावर आपटली तर बेंटोनाइट नीट फुगलेलं नाही, नाहीतर क्लेचं प्रमाण कमी आहे. क्लेचे चपटे कण अ‍ॅल्युमिनाच्या कणांमध्ये शिरून त्यांना घट्ट बसू देत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या बाटलीत मी ५० ग्रॅम क्ले ठेवली आहे ती मुख्यतः याच कामासाठी.

ब्रासोला तो उग्र वास असतो, तसा अमोनिया घालावा का?

पोलीस आणि लष्करातल्या बक्कलांमुळे आपल्याकडे 'ब्रासो' हा जवळजवळ पितळ पॉलिशसाठीचा शब्दच झाला आहे. १९०५ पासूनचं ते इंग्लंडचं उत्पादन. तांब्या-पितळेचा काळा थर अमोनियात विरघळतो, म्हणून अशा पॉलिशमध्ये तो येतो.

पण ताण असलेल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. याचा शोध लागला तो आपल्याच देशातल्या पावसाळ्यामुळे. ब्रिटिश फौजांची पितळी काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असायची आणि ऋतू संपता संपता चिरलेली सापडायची. इंग्रजीत या तड्यांना 'ऋतूचे तडे' अशा अर्थाचंच नाव पडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि काडतुसाला आकार देताना पितळेत राहिलेला ताण हे तिन्ही मिळून ते होतं, असं १९२१ साली छापून आलं.

गाडीवर एवढं पितळ नाही आणि अमोनियाने पीएच साडेआठच्या वर जातो, म्हणून मी घालत नाही.

गंज धरू नये म्हणून सोडियम नायट्राइट टाकू का? स्वस्त मिळतं.

टीईए असलेल्या मिश्रणात नायट्राइट अजिबात नको. दोघांच्या संयोगातून नायट्रोसअमाइन वर्गातले पदार्थ होऊ शकतात, आणि त्यांतले बरेच कर्करोगकारक मानले जातात. जुन्या वह्यांतून उतरवलेल्या कृतींत हे दोन्ही एकाच यादीत सापडतात. अशी यादी हाती आली तर बाजूला ठेवा. पितळ-तांब्याला बेंझोट्रायझोल पुरतं. लोखंडासाठी लावून लगेच कोरडं पुसणं आणि वरून मेणाचा हात देणं, एवढं खूप झालं.

अलॉय व्हीलसाठी अ‍ॅसिडचा क्लीनर सांगा ना.

हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेला क्लीनर बनवू नका आणि विकतही घेऊ नका. चाक क्षणात पांढरंशुभ्र होतं हे खरं आहे. हाताला लागलं तर सुरुवातीला जळजळही होत नाही, म्हणून माणूस धूत नाही. तोवर फ्लोराइड आत जाऊन शरीरातला कॅल्शियम बांधून टाकतं, आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. सर्व्हिसिंग सेंटरवर उघड्या हातांनी चाकं धुणारी पोरं बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांची असतात. त्यांच्या हातात हे देऊ नये.

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट चालेल का?

देवघरातल्या तांब्याला चिंच उत्तम, तिच्यातलं टार्टारिक अ‍ॅसिड काळा थर सोडवतं. गाडीच्या अ‍ॅल्युमिनियमवर ती जास्त वेळ राहिली तर डाग पडतात. राख नको, ती अल्कलीही आहे आणि खरखरीतही. टूथपेस्ट म्हणजे बारीक खडू किंवा सिलिका, छोट्या डागाला चालते.

क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर जेवण गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या, चुरगळून पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमहून कितीतरी मऊ असते, त्यामुळे गंज तेवढा निघतो. पण ज्या छिद्रातून गंज आला ते तिथेच राहतं. मालवण-रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेत तो महिन्याभरात परत दिसेल, म्हणून वरून मेण लावाच.

माझं पॉलिश किती धातू खातं, हे लॅबशिवाय कसं कळेल?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण मला सगळ्यात आवडतो. १० बाय १० सेंटिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या. सोनाराकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा असतो, त्यावर वजन करा. पत्र्यावर मोजून दोन ग्रॅम पॉलिश घ्या, फडक्यावर एक किलोचं वजन ठेवून पन्नास फेरे मारा. साबणपाण्याने धुवा, कोरडा करा, पुन्हा तोला.

अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७. शंभर चौरस सेंटिमीटरवरून एक मायक्रॉन गेला तर वजन २७ मिलिग्रॅम घटतं. प्रत्येक बॅचचा हा आकडा वहीत ठेवा. अचानक दुप्पट झाला तर पावडरीचं पोतं बदललेलं असतं, दुकानदार काहीही म्हणो.

क्रोमचंही असंच गणित मांडून बघा. घनता ७.२, थर ०.३ मायक्रॉन. तेवढ्याच पत्र्यावरचा सगळाच्या सगळा क्रोम २२ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. हा आकडा पहिल्यांदा मांडला त्या दिवसापासून माझ्या क्रोमच्या बाटलीत अ‍ॅल्युमिना नाही.

सिलिकॉन तेल घालून जास्त चकाकी आणू का?

पाणी मोत्यासारखं घरंगळतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण ज्या गॅरेजमध्ये रंगकाम चालतं तिथे सिलिकॉनचा अंश जरी पत्र्यावर राहिला तरी नव्या रंगात खड्डे पडतात. मी घालत नाही. तुम्ही घातलंत तर लेबलवर तसं लिहा, पेंटर तुमचे आभार मानेल.

बाटली कोणती?

पेट (पाण्याच्या बाटलीचं पारदर्शक प्लास्टिक) किंवा पत्र्याचा डबा. साध्या एचडीपीईतून (दुधाळ दिसणारं प्लास्टिक) एमटीओ हळूहळू बाहेर झिरपतं. मी एकदा मार्चमध्ये एचडीपीईत माल भरला. मे महिन्यात विदर्भातल्या एका दुकानातून निरोप आला की बाटल्यांचे गाल आत गेलेत आणि शेल्फला रॉकेलसारखा वास येतोय. तोलून पाहिल्या तर वजनही कमी भरलं. सगळा माल परत घेतला.

परवाने, लेबल वगैरे?

एमटीओ आणि रॉकेल पेट्रोलियम नियमांच्या 'ब' वर्गात येतात. एकूण २५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही भांडं १००० लिटरहून मोठं नसेल, तर साठ्याला त्या कायद्याखाली परवाना लागत नाही. पण स्थानिक अग्निशमन विभागाला विचारूनच साठवा. जीएसटीसाठी पॉलिश ३४०५ या एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) शीर्षकाखाली येतं. पाकिटबंद मालाच्या वजनमाप नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ माप, सर्व करांसह किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क लेबलवर हवा. 'ज्वलनशील', 'मुलांपासून दूर ठेवा' आणि 'लॅकर किंवा रंग असलेल्या भागावर लावू नका' ही तीन वाक्यं मराठीत, ठळक छापा. वापरलेले बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायला सांगा.

दसऱ्याला विकायचं तर बॅच कधी लावू?

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात. त्यातल्या चार बाटल्या ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये चार आठवडे ठेवा, चार साध्या कपाटात. वर तेल येतं का, तळ टणक होतो का, पीएच सरकतो का, वास बदलतो का, हे दर आठवड्याला बघून लिहा. काही बिघडलं तर गणपतीनंतर दुरुस्त बॅच लावायला वेळ उरतो. खंडेनवमीला गाड्या धुवायला निघतात, त्याच्या आठ दिवस आधी बाटल्या गॅरेजवर पोचल्या पाहिजेत. गॅरेजवाला आधी स्वतःच्या गाडीवर लावून बघतो आणि मगच दुसऱ्याला सांगतो.